फूल कुठून येतं, ते आधी बघा

आल्याच्या कुळातल्या फुलझाडांबद्दल या वेळी इतके प्रश्न आले की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. ही माझी फार आवडती झाडं, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न: तीन ओळखीच्या घरांतून मला तीन कंद मिळाले. तिन्हींना आल्यासारखीच पानं आली आहेत. एक सोनटक्का असावा म्हणतात, बाकीच्या दोघांचं नाव देणाऱ्यांनाही माहीत नाही. फूल येण्याआधी ओळखता येतील का?

नेमक्या जातीपर्यंत नाही, पण घराण्यापर्यंत नक्की पोचाल. आधी पानाचा तुकडा चुरगळून वास घ्या. आलं, हळद, वेलदोडा यांतल्या कशाची तरी आठवण झाली, तर झाड आल्याच्या कुळातलं. वास नाही आणि पानं दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत गेली आहेत, तर तो पेवा किंवा त्याचा भाऊबंद. पूर्वी पेव्यालाही आल्याच्याच कुळात धरत, आता त्याचं कुळ वेगळं मानतात. कर्दळीलाही असा वास नसतो.

मग पान दांड्याला जिथे मिठी मारतं ती जागा बघा. आल्याच्या कुळात तिथे पातळ पापुद्र्याची जीभ असते, कर्दळीत ती नसते. सोनटक्क्यात ही जीभ चांगली दोन-तीन सेंटिमीटर लांब असते आणि पानाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं तर मऊ लव लागते. तुमच्या एका झाडाचा निकाल इथेच लागेल.

यापुढची खूण मला सगळ्यांत आवडते. कंदावरची माती हलक्या हाताने बाजूला करा आणि कंद कोणत्या दिशेला पसरतो आहे ते बघा. या झाडांची पानं दांड्यावर समोरासमोर दोन ओळींत असतात. त्या ओळी कंदाच्या दिशेलाच असतील, तर झाड आलं, हळद, सोनटक्का यांच्या शाखेतलं. कंदाला आडव्या असतील, तर वेलदोडा, शेल जिंजर, टॉर्च जिंजर यांच्या शाखेतलं. एकही फूल न बघता कुळाचे दोन मोठे भाग वेगळे करता येतात.

फूल आलं की ते कुठून आलं हे आधी टिपून ठेवा. सोनटक्का आणि शेल जिंजर पानांच्या दांड्याच्या टोकाला फुलतात. टॉर्च जिंजरचा फुलांचा दांडा मात्र कंदातून वेगळाच, एकही पान न घेता वर येतो, आणि पानांचे दांडे शेजारी पाच-सहा मीटर वाढलेले असतात. रंगावरून मात्र ओळखायला जाऊ नका, रंग फार फसवतात.

सोनटक्क्याचं पहिलं फूल उमलेल तेव्हा ते हातात घेऊन निवांत बघा. खऱ्या पाकळ्या म्हणजे मागच्या तीन अरुंद पट्ट्या. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ते रूप बदललेले पुंकेसर आहेत, आणि टोकाला खाच असलेला तो रुंद ओठ दोन पुंकेसर जुळून झालेला आहे. पराग देणारा पुंकेसर एकच उरतो. त्याच्या खोबणीतून एक केसासारखा दोरा जातो आणि टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा डोकावतो. ती स्त्रीकेसराची वाहिनी. पुंकेसराच्या आधाराने उभी राहणारी ही वाहिनी या कुळाची सही आहे. कर्दळीच्या फुलात ती दिसणार नाही.

प्रश्न: शेल जिंजरला चार वर्षं झाली. पानं भरघोस आहेत, पण फूल एकदाही नाही. दर थंडीत मी जुने दांडे जमिनीलगत छाटतो, नवे जोमाने फुटतात. खत कमी पडतंय का?

खत पुरेसं आहे, छाटणी थांबवा. शेल जिंजर आदल्या वर्षीच्या दांड्याच्या टोकाला फुलतं. दांडा पहिल्या वर्षी वाढतो, थंडी काढतो आणि पुढच्या हंगामात त्याच्या टोकाहून मोत्यासारख्या कळ्यांचा घोस खाली लोंबतो. तुम्ही दरवर्षी नेमके तेच दांडे कापता आहात. माझ्या हातूनही पहिली दोन वर्षं हेच झालं होतं, बाग नीटनेटकी दिसावी एवढ्याच हौसेपायी.

ज्या दांड्यावर घोस येऊन सुकला, तेवढाच मुळापासून काढा. एक दांडा एकदाच फुलतो, पुन्हा कधी फुलत नाही, त्यामुळे तो काढला तर नव्या फुटव्यांना जागा होते. बाकी कशाला हात लावू नका. सोनटक्क्याचं गणित वेगळं आहे. त्यात चालू हंगामातलाच दांडा फुलतो, म्हणून फुलं संपल्यावर तो बिनधास्त काढता येतो.

दांडे राखूनही फूल आलं नाही तर उन्हाकडे बघा. ‘सावलीतलं झाड’ म्हणून ही झाडं पार भिंतीच्या आडोशाला लावतात, तिथे नुसती पानं मिळतात. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली अशी जागा उत्तम. नत्राचं खत भारंभार घातलं तरी झाड पानांतच रमतं.

प्रश्न: सयाम ट्यूलिप म्हणून आणलेलं गुलाबी फुलांचं झाड पाऊस सरल्यावर पिवळं पडलं आणि पार नाहीसं झालं. पाणी वाढवलं, उपयोग झाला नाही. मेलं का?

मेलं नाही, झोपलं आहे. पण पाणी वाढवलंत तर मात्र खरंच मरेल. हे हळदीचं भावंड आहे. थंडीच्या तोंडाशी पानं उतरवून ते कंदात जातं. कुंडी उकरलीत तर छोट्या कंदाला खाली लोंबलेल्या गोल गाठी दिसतील. झोपेतली शिदोरी त्या गाठींत असते, म्हणून कंद काढताना त्या तुटू देऊ नका. पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडत जा आणि कुंडी कोरडी ठेवा. ऊन तापून नवा कोंब दिसला की मगच पाणी सुरू करा.

भुईचाफाही असाच झोपतो. त्याचं फूल पानांच्या आधी थेट मातीतून उमलतं, त्यामुळे कुंडी रिकामी समजून कोणी ओतून टाकू नये म्हणून तिच्यावर नावाची पट्टी लावून ठेवा.

प्रश्न: लाल जिंजरच्या जुन्या तुऱ्यात हिरवी रोपं उगवली आहेत. हा रोग आहे का?

अजिबात नाही. लाल दिसतात ती फुलं नव्हेत, फुलांना झाकणारी छदं, म्हणजे पानासारखी रंगीत आवरणं आहेत. खरी फुलं त्यांच्या आतली पांढरी, चिमुकली. त्याच छदांच्या बेचक्यात रोपं तयार होतात. बोटभर झाली की अलगद काढून ओलसर, भुसभुशीत मातीत लावा.

प्रश्न: सोनटक्क्याच्या दांड्याच्या कांड्या लावल्या, सगळ्या कुजल्या. पेव्याच्या मात्र फुटल्या. असं का?

सोनटक्क्याचा दांडा बहुतांशी पानांच्या म्यानांची गुंडाळी असतो, त्याला मुळं फुटत नाहीत. त्याचं बेणं कंदाचंच घ्यावं लागतं. दोन-तीन डोळ्यांचा तुकडा कापा, काप एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि डोळे वर ठेवून उथळ लावा. पेव्याचं खोड खरं असतं, पेरापेराला डोळा असतो, म्हणून त्याच्या कांड्या रुजतात.

प्रश्न: दांडे एकाएकी पिवळे पडून आडवे होतात. ओढला की दांडा सहज हातात येतो.

ही बहुतेक कंदकूज आहे. बुडखा पाणी पिऊन मऊ झाला असेल आणि वास घाण येत असेल तर शंकाच नको. कारण बुरशीसारखा जीव, आणि त्याला आमंत्रण साचलेल्या पाण्याचं. मऊ झालेले कंद मातीसकट काढा. कडक कंद धुऊन, सुकवून, नव्या निचऱ्याच्या जागी उंच वाफ्यात लावा.

पण झाड हिरवं असतानाच कोमेजलं, तर आधी एक परीक्षा करा. दांड्याचा ताजा काप काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागा उतरला तर ती जिवाणूंची मर आहे. तिच्यावर घरगुती उपाय नाही. सगळं झाड काढून टाका आणि तोच कोयता न धुता दुसऱ्या झाडाला लावू नका.

प्रश्न: कंद फार वाढलेत. घरामागच्या ओढ्याकाठी लावून टाकू का?

कृपा करून नको. सोनटक्क्याचं एक पिवळं भावंड, कहिली जिंजर, शोभेसाठी म्हणून हवाई आणि न्यूझीलंडला नेलं गेलं. आज जगातल्या १०० अतिउपद्रवी आगंतुक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपला पांढरा सोनटक्का मूळ हिमालय ते चीन या पट्ट्यातला. दूरच्या क्यूबाने त्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला, पण ब्राझीलमध्ये त्यानेच ओलसर काठ व्यापून टाकले आहेत. वाहत्या पाण्यात कंदाचा एक तुकडा सुटला की तो खाली कुठेही रुजतो. जास्तीचे कंद कुंड्यांत लावून लोकांना द्या. जे टाकायचेच आहेत ते बारीक कापून, फरशीवर कडक उन्हात पार वाळेपर्यंत ठेवा, मगच खतात टाका. नुसते ढिगावर फेकलेत तर पहिल्या पावसात तिथेच कोंब येतील.