नववीच्या एका वर्गात ७८ मुलं : पालकांनी नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाणे जिल्ह्यातली खासगी अनुदानित शाळा, मुलगा नववीत, वर्गात ७८ मुलं, एका बाकावर तिघं. मुख्याध्यापक म्हणतात, ‘वरून शिक्षकच मिळत नाहीत.’ तक्रार कुठे करायची आणि तिचा उपयोग होतो का?

उपयोग होतो, पण ‘वर्गात फार गर्दी आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज कार्यालयात फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. गर्दीमागे चार आकडे असतात: पट, मंजूर पदं, कार्यरत शिक्षक आणि खोल्या. यातला कुठला आकडा अडला आहे हे आधी शोधावं लागतं, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या टेबलावर आहे. बहुतेक पालक हे न शोधताच वर्गशिक्षकांवर चिडतात. त्या शिक्षकाच्या हातात यातलं काहीही नसतं.

सुरुवात शाळेतूनच करा. नववीच्या सगळ्या तुकड्यांचा पट मागा, फक्त तुमच्या मुलाच्या तुकडीचा नको. पुष्कळ शाळांत सेमी इंग्रजीच्या तुकडीत ७८ आणि शेजारच्या पूर्ण मराठी तुकडीत ४० असं चित्र असतं, कारण सगळ्यांनाच सेमी हवं असतं. काही ठिकाणी गुणांवरून ‘अ’ तुकडी भरली जाते आणि तीच फुगते. असं असेल तर जिल्हा परिषदेपर्यंत जायची गरज नाही. गणित-विज्ञानाचे तास सेमीचे ठेवून बाकीच्या विषयांना दोन्ही तुकड्यांची मुलं सारखी वाटून, किंवा दोन्ही तुकड्या सेमी करून, मुख्याध्यापक वेळापत्रकातच हे सोडवू शकतात. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय लेखी घ्यायला लावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली का ते पाहा.

सगळ्याच तुकड्या भरलेल्या असतील तर पुढचा कागद म्हणजे संच मान्यता. कुठल्या शाळेला किती शिक्षक द्यायचे हे शासन दरवर्षी या कागदावर ठरवतं. त्याचे निकष २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयात होते, ते १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने बदलले. हिशेबाला धरला जातो ३० सप्टेंबरचा पट, आणि तोसुद्धा आधार क्रमांक पडताळून ‘वैध’ ठरलेल्या विद्यार्थ्यांचाच. गर्दीच्या शाळांचं खूप नुकसान इथे होतं. वर्गात ७८ मुलं बसलेली असतात, पण शासनाच्या पोर्टलवर त्यातली दहा-बारा अवैध दिसतात. ती मुलं बाकावर असतात, हिशेबात नसतात. पद मंजूर व्हायला लागणाऱ्या संख्येच्या जरा खाली शाळा राहिली की एक शिक्षक जातो.

शासनाने एवढी कडक अट का घातली, त्यालाही कारण आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा कागदावरचा पट आणि प्रत्यक्ष हजर मुलं यांत मोठी तफावत निघाली. तेव्हापासून शाळेच्या तोंडी आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. अट समजण्यासारखी आहे. तिचा फटका मात्र खऱ्या मुलांना बसतो, हे मला अन्यायाचं वाटतं.

मुलं अवैध का ठरतात? शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारवरच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून. वडिलांचं नाव मधे आहे-नाही, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारखेत दिवस-महिन्याची अदलाबदल, अशा चुका असतात. जनरल रजिस्टर बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि वेळ जातो. जन्मदाखला आणि रजिस्टर जुळत असतील तर आधारच दुरुस्त करून घेणं सोपं. फक्त लक्षात ठेवा, आधारवर जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते, तेव्हा जन्मदाखला हातात असल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. शिवाय वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते, आणि नववी-दहावीची मुलं नेमकी त्याच वयाची असतात. वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये वर्गशिक्षकांना विचारा की अवैध दिसणारी मुलं किती, आणि त्यांच्या पालकांना शाळेने खासगीत कळवावं असा आग्रह धरा. नावांची यादी गटावर टाकू नका. ३० सप्टेंबर उलटून गेल्यावर धावपळ केली तर ती पुढच्या वर्षाच्या कामाची.

आता तिसरा आकडा. पद मंजूर आहे, पण माणूस नाही. अनुदानित शाळांत हे सर्रास दिसतं. मे २०१२ पासून शिक्षक भरतीवर निर्बंध आले आणि नंतर भरती पवित्र या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलमार्फत, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होऊ लागली. चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांच्या जागा तशाच राहिल्या. रिकामी जागा भरण्याआधी जिल्ह्यातले अतिरिक्त ठरलेले (म्हणजे ज्यांच्या शाळेत पद कमी झालं असे) शिक्षक समायोजनातून, म्हणजे बदलून, द्यायचे असतात. कधी त्या विषयाचा अतिरिक्त शिक्षक यादीत नसतो, कधी संस्था त्याला रुजू करून घ्यायला टाळाटाळ करते. दुसरी अडचण बिंदुनामावलीची: संस्थेने आरक्षणाचा रोस्टर मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतलेला नसेल तर तिला पोर्टलवर जाहिरातच टाकता येत नाही. म्हणून ‘वरून शिक्षक मिळत नाहीत’ हे वाक्य कधी पूर्ण खरं असतं, कधी अर्धं. संस्थेला दोन प्रश्न विचारा: रोस्टर शेवटचा कधी तपासला, आणि रिक्त पदाची मागणी पोर्टलवर नोंदवली का?

शाळा हे आकडे देत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. तो अनुदानित शाळेलाही लागू आहे, पण अर्ज शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे केलेला बरा, कारण मूळ कागद तिथे असतात. (मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयाकडे.) १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. ‘वर्गात इतकी मुलं का?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कागदाची प्रत द्यायला असतात. मजकूर असा चालेल:

‘यू-डायस क्रमांक ——— या शाळेबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. (अ) मागील तीन वर्षांच्या संच मान्यतेच्या प्रती. (आ) ३० सप्टेंबर रोजीचा इयत्ता ९ वीचा तुकडीनिहाय पट, आधार वैध व अवैध संख्येसह. (इ) माध्यमिक विभागातील विषयनिहाय मंजूर, कार्यरत व रिक्त पदांचे विवरण. (ई) अतिरिक्त तुकडी किंवा वाढीव पदांसाठी शाळेने पाठवलेले प्रस्ताव व त्यावर आपल्या कार्यालयाने दिलेली उत्तरे.’

विद्यार्थ्यांची नावं मागू नका, फक्त संख्या. नावं मागितली की खासगी माहितीचं कारण देऊन सगळाच अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. यू-डायस क्रमांक म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. तो ११ अंकी असतो आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकावर किंवा शाळेच्या फलकावर मिळतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करा. ‘ई’चं उत्तर फार बोलकं असतं. प्रस्तावच गेलेला नसेल तर दोष शाळेकडे, गेला असून दोन वर्षं पडून असेल तर कार्यालयाकडे.

कायदा किती मागे उभा राहतो, याबद्दल पालकांचा मोठा गैरसमज आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ आठवीपर्यंतच आहे. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हे प्रमाण त्याच्या परिशिष्टात आहे, आणि तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असं कलम ३२ सांगतं. नववीला हे लागू होत नाही. नववीच्या अर्जात कलम ३२ टाकलं की ‘कायदा लागू नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर येतं. त्याऐवजी संच मान्यतेच्या शासन निर्णयाचा आधार घ्या, आणि जोडीला २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं शाळानिहाय ३० ला एक हे प्रमाण लिहा. धोरण म्हणजे कायदा नव्हे, तरी अर्जाला वजन येतं. त्याच शाळेत सहावी ते आठवीही खच्चून भरलेली असेल तर त्या पालकांचा वेगळा अर्ज कलम ३२ खाली करा. शाळा एकच असल्याने दडपण एकाच ठिकाणी येतं.

नववीच्या पालकांच्या हातात आणखी एक भक्कम मुद्दा आहे, तो सहसा कुणी वापरत नाही: सुरक्षितता. तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतरच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे आणि इमारतीचे निकष पाळायला सांगितलं. तिथे इयत्तेची अट नाही. टेप घेऊन वर्ग मोजा. २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे ५०० चौरस फूट, ७८ मुलांत वाटली तर प्रत्येकी साडेसहा चौरस फूटही येत नाहीत, म्हणजे ०.६ चौरस मीटर. तुलनेसाठी, सीबीएसई संलग्नतेच्या नियमांत प्रत्येक विद्यार्थ्याला किमान १ चौरस मीटर जागा धरते. तुमची शाळा राज्य मंडळाची आहे, तो नियम तिला बांधत नाही, पण खोली किती अपुरी आहे ते यातून दिसतं. दारं किती, ती कुठल्या बाजूला उघडतात, बाकांमधून चालायला वाट राहते का, हे लिहून काढा आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला व इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र यांच्या प्रती मागा. खोल्या कमी असतील तर सकाळ-दुपार अशी दोन सत्रं हा मार्ग असतो, मात्र शिक्षकही कमी असतील तर दोन सत्रांनी काहीच सुटत नाही.

अर्ज एकट्याने देऊ नका. २५-३० पालकांच्या सह्या, मुख्याध्यापकांच्या नावे, प्रती संस्थेच्या सचिवांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. महिन्याभरात हालचाल नसेल तर विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे जा, ‘आपले सरकार’वर तक्रार नोंदवा, किंवा महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात भरणाऱ्या लोकशाही दिनात मांडा. त्याचा अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं, कारण आयोगाच्या दृष्टीने बालक म्हणजे १८ वर्षांखालचा. अर्जात ‘शिक्षक नेमा’ एवढंच नको. ‘गणिताचं मंजूर पद रिक्त आहे, समायोजनातून किंवा घड्याळी तासिकेवर शिक्षक द्यावा’ असं लिहा (घड्याळी तासिका म्हणजे तासांप्रमाणे मानधन). मागणी जितकी नेमकी, तितकं उत्तर टाळणं अवघड.

एक सावधगिरी. कधीकधी संस्था सुचवते, ‘पालकांनी वर्गणी काढा, आम्ही जादा शिक्षक ठेवतो.’ ज्यांना परवडतं त्यांनी मनापासून दिलं तर हरकत नाही. पण ती सक्तीची केली, पावती दिली नाही किंवा प्रवेशाशी जोडली तर १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आडवा येतो. ज्या घरांना जमत नाही त्यांच्या मुलांकडे वर्गात बोट दाखवलं जातं, म्हणून मी या मार्गाच्या विरोधात आहे.

हे सगळं जुळून आलं तरी नवीन पद याच वर्षी मिळेल असं धरून चालू नका. तुमच्या मुलाची नववी याच गर्दीत जाणार आहे. ३५ मिनिटांच्या तासात ७८ मुलांना वाटणीला प्रत्येकी २७ सेकंदही येत नाहीत, आणि एका वहीला तीन मिनिटं धरली तर एका विषयाच्या वह्या तपासायला शिक्षकाला जवळजवळ चार तास लागतात. तेव्हा ‘वह्या तपासा’ असा हट्ट न धरता आठवड्याला २० वह्या फिरत्या क्रमाने तपासल्या जाव्यात, असं सुचवा. बाकांची जागा दर सोमवारी एक ओळ पुढे सरकवावी, म्हणजे तीच मुलं वर्षभर मागे राहणार नाहीत. प्रयोगाकडे विशेष लक्ष द्या. दहावीला विज्ञानाच्या १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि ७८ मुलं एका वेळी प्रयोगशाळेत मावत नाहीत म्हणून अनेक ठिकाणी प्रयोग फळ्यावरच होतात. २६ जणांचे तीन गट करून आठवड्याला एका गटाची जोड तासिका ठेवली तर प्रत्येक मुलाला तिसऱ्या आठवड्याला हाताने प्रयोग करता येतो. प्रयोगशाळा सहायकाचं पद मंजूर आहे का, तेही संच मान्यतेतच दिसेल.

शाळा बदलायचा विचार असेल तर नववीच्या मध्यात करू नका, आणि आधी आसपासच्या महापालिकेच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या माध्यमिक शाळेचा पट यू-डायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर पाहा. नामांकित शाळेत ७८ आणि अर्ध्या किलोमीटरवर तिशीतली तुकडी असं अनेक शहरांत आहे. तिथे विषयशिक्षक पूर्ण आहेत का हे प्रत्यक्ष जाऊन विचारा, आणि तिसरी भाषा, संयुक्त हिंदी-संस्कृत, सेमी गणित-विज्ञान हे सगळं तुमच्या मुलाच्या आताच्या निवडीशी जुळतंय ना, हे दाखला काढण्याआधीच तपासा.