ऑफिसात जातीवर बोलायचंय? आधी एवढं सांभाळ

बोलावंसं वाटतंय ना, मग जमेल. सुरुवातीला आडनाव, गाव असं खोदून विचारू नकोस. समोरच्याला हेतू लगेच कळतो. 'आम्ही जात मानत नाही' हेही नको, ज्याला परवडतं तोच तसं म्हणतो. आरक्षणावरून कुणाचे मार्क तर काढूच नकोस.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय घडलं, ते स्वतः वाच. सहकाऱ्याला तुझी शिकवणी घ्यायला लावू नकोस. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला बोलावलं तर जा. डीजेची तक्रार करायचीच असेल, तर गणपतीतल्या डीजेसकट कर!

आणि घरी कामवाल्या मावशींचा कान तुटलेला कप ओट्याखाली वेगळा पालथा असेल, तर पहिलं बोलणं आईशी. तेच सगळ्यात जड जातं. बाकी वादाचे मुद्दे सध्या राहू देत.