डाळ शिजत नाही, मसाल्याला बुरशी, मोदकाला चिरा

पावसाळा लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांनाही दमट वास यायला लागतो. पापड मऊ पडले, मिठाचा गोळा झाला, रव्यात अळ्या झाल्या. आणि दहातल्या आठ पत्रांच्या शेवटी तेच वाक्य: "माझ्या हातातच काहीतरी कमी आहे." हात राहू द्या बाजूला. आधी पाणी, हवा आणि डब्यातल्या जिनसाचं वय बघू.

प्रश्न: परळच्या चाळीतून आम्ही घोडबंदर रोडला राहायला आलो. तीच तूरडाळ, तोच कुकर. तिकडे चार शिट्ट्यांत लोणी व्हायची, इथे आठ झाल्या तरी दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. सासूबाई म्हणतात कुकर बिघडला. नवा घेऊ का?

पैसे वाचवा. कुकर तोच आहे, पाणी बदललंय. परळला तुम्ही भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी वापरत होतात. ते तलावात साठलेलं पावसाचं पाणी, क्षार अगदी कमी. नव्या सोसायटीत टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असणार. नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो का? साबणाला फेस कमी येतो का? चहाच्या पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ उमटते का? तीनही उत्तरं 'हो' असली, तर तुमचं पाणी जड आहे.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन. शिजताना ते विरघळलं की डाळ मोडते. कॅल्शियम त्याच पेक्टिनला घट्ट आवळून ठेवतं, मग तुम्ही कितीही शिट्ट्या काढा.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. कुकरच्या एका भांड्यात अर्धी वाटी डाळ नळाच्या पाण्यात, दुसऱ्यात तेवढीच डाळ आरओच्या पाण्यात, एकाच वेळी लावा. माझ्या भाचीच्या मीरा रोडच्या घरी आम्ही हे केलं, तेव्हा तिच्या सासूबाई दोन्ही भांडी पुढ्यात घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. फिल्टर आरओचाच हवा, साध्या कँडलच्या फिल्टरने क्षार जात नाहीत. भिजवायलाही तेच पाणी घ्या. कुकरच्या तळाला मात्र नळाचं पाणी चालेल, तिथे फिल्टरचं ओतून काय करायचंय?

पाणी निर्दोष सुटलं तर दोन संशयित उरतात. एक, टोमॅटो, चिंच किंवा आमसूल डाळीबरोबरच कुकरमध्ये घालणं. आंबटानेही पेक्टिन विरघळायचं थांबतं, म्हणून आंबट नेहमी डाळ मोडल्यावर. दुसरा, डाळीचं वय. वर्षाचं धान्य भरायची पद्धत देशावरच्या कोरड्या हवेत ठीक आहे. मुंबईच्या दमट उकाड्यात कडधान्यं म्हातारी होतात, राजमा आणि चवळी तर फारच लवकर. दोन महिन्यांपुरतं आणा.

आणि मिठाला उगाच बदनाम केलंय. "आधी मीठ घातलं की डाळ शिजत नाही" हे मीही वीस वर्षं ऐकवत होते. प्रत्यक्षात राजमा रात्री मिठाच्या पाण्यात भिजवला की सालं लवकर मऊ पडतात. चिमूटभर सोड्यानेही डाळ मोडते, हे खरं. पण ब-१ जीवनसत्त्व जातं आणि वरणाला साबणाची चव येते. मी घालत नाही.

जाता जाता: शिट्ट्या मोजणं सोडा. आच मोठी की शिट्ट्या भराभर, बारीक की सावकाश. पूर्ण दाबाला कुकरमध्ये साधारण १२० अंश तापमान असतं, ते किती वेळ टिकलं हे महत्त्वाचं. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळाकडे बघून १० ते १२ मिनिटं.

प्रश्न: हॉटेलातली सोलकढी गुलाबी असते, माझी फिकट जांभळट होते. ते रंग घालतात का? (दादर)

काही ठिकाणी बीट पडतं, नाकारत नाही. पण आधी आपल्या पातेल्यात बघू. कोकमाचा रंग आंबटपणावर चालतो, आंबट जास्त तर लाल, कमी तर जांभळाकडे. तुम्ही नारळाचं पहिलं दाट दूध भरपूर घालत असाल आणि आमसुलं जुनी असतील, तर जांभळटच होणार. आमसूल म्हणजे रातांब्याची, कोकमाच्या फळाची, साल, तिला त्याच फळाच्या रसाची पुटं देऊन देऊन वाळवतात. चांगलं आमसूल बोटाला मऊ आणि थोडं चिकट लागतं. काळं, कडक, चामड्यासारखं झालेलं पैसे देऊन आणू नका. सोपा उपाय आगळ, म्हणजे कोकमाचा रस. पण त्यात मीठ असतंच, चाखल्याशिवाय वरून घालू नका. आणि कृपा करून कोकम सरबताची बाटली ओतू नका! मला असं एक पत्र आलंय, नाव सांगत नाही. त्या बाईंच्या घरी पाहुण्यांनी गोड सोलकढी निमूटपणे प्यायली म्हणे.

प्रश्न: मुलाला गव्हाची ॲलर्जी निघाली. चपाती, पाव, बिस्किटं बंद केली, तरी आमटी-भात खाऊन पोट दुखतं. आमटीत गहू कुठून आला?

हिंगातून येऊ शकतो. डबीतली पूड म्हणजे बांधानी हिंग. अफगाणिस्तान, इराणकडून आलेला मूळ डिंक इतका उग्र असतो, की तो पीठ आणि खायचा डिंक मिसळून सौम्य करतात, आणि ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. डबीवरचा घटकांचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, नाहीतर मसाल्याच्या दुकानातून खडा हिंग आणा. डाळीएवढा तुकडा चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून उकळत्या आमटीत सोडायचा, फोडणीत नको, उडेल. मुलाच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला. आपल्याकडे हिंगाचं झाड होत नव्हतं, २०२० साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पहिल्यांदा त्याची रोपं लावली. तोवर आपण सगळा हिंग बाहेरून आणत आलो, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांची आमटी त्याच्याच जिवावर उभी!

प्रश्न: लालबागहून मिरच्या घेऊन मे महिन्यात मालवणी मसाला करून आणला. परवा बरणी उघडली तर वरच्या थराला पांढरी बुरशी. वरचा काढून खालचा वापरू का? चार किलो आहे हो.

नाही. मला माहीत आहे हे वाचून पोटात खड्डा पडेल. बेडगी आणि शंकेश्वरीचे भाव, धणे, खसखस, दगडफूल, नागकेसर, मग मसाला कुटायच्या डंखावरची रांग, उन्हात घातलेले दोन दिवस. तरीही नाही. मिरचीवरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष करतात. ते डोळ्यांना दिसत नाही आणि फोडणीच्या उष्णतेने नाहीसं होत नाही. वरचा पांढरा थर म्हणजे फक्त आपल्याला दिसलेला भाग.

माझाही एकदा असाच गेलाय, आणि चूक पूर्ण माझी होती. कुटलेला मसाला गरम असतो, घरी येईपर्यंत पिशवीला हात लावला तरी ऊब लागते. मी दमले होते, तसाच बरणीत दाबला आणि झाकण बांधलं. आतल्या वाफेचं पाणी झालं, ते वरच्या थरात मुरलं, आणि जुलैत बरणीने हिशोब दाखवला. तेव्हापासून मसाला आला की रात्रभर परातीत पसरून ठेवते, वरून पातळ फडकं, पंखा बंद (चालू ठेवलात तर घरभर शिंका). सकाळी पूर्ण गार झाला की बरणीत, मधे मधे हिंगाचे खडे. त्याने किडा लांब राहतो असा आमच्या आजीपासूनचा अनुभव आहे, बुरशीवर मात्र त्याचा भरवसा ठेवू नका.

दुसरं कारण मिरच्या कडकडीत न वाळणं. मिरची हातात घेऊन हलवली तर आतलं बी खुळखुळलं पाहिजे आणि देठ कट्कन मोडला पाहिजे. गच्चीत ऊन मिळत नसेल तर दुकानदाराकडूनच भाजून घ्या, लाज वाटून घेऊ नका. पुढच्या वर्षी चार किलो एका बरणीत भरू नका. महिन्याभराचा बाहेर छोट्या बाटलीत, बाकीचा लहान पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये. रंगही टिकतो, कारण तो उजेडाने आणि हवेने उडतो. आणि ओला चमचा बरणीत घालणाऱ्याला घरात एकदा तरी सगळ्यांसमोर बोला.

प्रश्न: काकू, मी अंधेरीला पीजीत राहतो. रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवतो, सकाळी फोडणी देऊन डब्यात नेतो. आई म्हणते गरम केलं की काही होत नाही.

आईचं बाकी सगळं ऐक, हे सोडून. कच्च्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. रात्रभर मुंबईच्या उकाड्यात ते वाढतात आणि जे विष करून ठेवतात ते फोडणीत जात नाही. भात झाला की ताटात पसर, वाफ गेली की डब्यात घालून तासा-दीड तासात फ्रिजमध्ये. सकाळी फोडणी खुशाल दे, गार भात मोकळाही होतो. पीजीत फ्रिज नसेल तर रात्री एकवेळचाच लाव, सकाळी पोहे कर.

प्रश्न: तळलेलं तेल किती वेळा वापरावं?

पुन्हा तळायला एकदाही नको, असं माझं मत. गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवा. हॉटेलांसाठी सरकारी नियम आहे, जुलै २०१८पासून तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडलं की वाढतात ती) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल फेकायचं. घरी मोजायला यंत्र नाही, नाक आहे. फेस येतोय, चिकट लागतंय, लवकर धूर येतोय, तर गेलं. मोरीत ओतू नका, खालच्या मजल्यावरचे शिव्या घालतील.

प्रश्न: मासेमारी बंद असताना बाजारात पापलेट कुठून येतं? ते घ्यावं का? (गिरगाव)

आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, म्हणून त्यानंतर तिकडचा माल येऊ लागतो. शिवाय बर्फातला साठा असतो. घ्यायला हरकत नाही, पण कोळणीसमोर कल्ला दाबून बघा. पांढरं पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर पुढे चला. ती रागावेल, रागावू दे.

माझ्या मते या दोन महिन्यांत पापलेटचा हट्टच करू नये. मेमध्ये घेतलेले सोडे, सुकट आणि सुके बोंबील कशासाठी असतात? सोडे घातलेली वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकरी, बाहेर पाऊस. सुकट आधी चाळून वाळू काढा, कोरड्या तव्यावर भाजा आणि मगच धुवा. आधी धुतलीत तर लगदा होतो आणि वासही जास्त सुटतो. वासाची भीती असेल तर शेवटी आमसूल घाला. माशाचा वास येतो तो अमाइन्सचा, आंबट लागलं की तो दबतो. हाताचा वासही आमसुलाच्या सालीने जातो, महागडा साबण नको.

प्रश्न: दरवर्षी उकडीच्या मोदकांना चिरा पडतात. पिठी विकतची, पाणी मापाने घेते. यंदा गणपतीत सासरची सगळी माणसं येणार आहेत.

विकतच्या पिठीत तांदूळ कोणता आणि दळलेला कधी, हे कळत नाही. नवा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी आणा, धुऊन सावलीत वाळवा आणि गिरणीत "तांदळावर तांदूळ" दळायला सांगा, नाहीतर आधीच्या गव्हाचं पीठ येतं. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, चवीला मीठ, चमचाभर तूप. पाणी खळखळ उकळल्यावरच पिठी घाला. तांदळात गव्हासारखा चिवटपणा नसतो, पिठीला धरून ठेवतो तो फक्त नीट शिजलेला स्टार्च. म्हणून झाकण ठेवून दोन वाफा काढा आणि हाताला पोळेल इतकी गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा. गार झाल्यावर मळलेली उकड चिरणारच. सारण ओलसर राहिलं तरी पारी फुटते, तेव्हा गूळ-खोबरं कढईची कड सोडेपर्यंत आटवा. एकदा आधीच्या रविवारी पाच मोदक करून बघा, सासरची माणसं यायच्या आधी.

उरलेल्या उकडीचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. हिरवी मिरची आणि जिरं वाटून तिच्यात घाला, मीठ बघा, छोट्या चपट्या निवगऱ्या थापा आणि मोदकांच्या शेवटच्या घाण्याबरोबर उकडायला ठेवा. आमच्याकडे मोदक पाहुण्यांना वाढतात आणि निवगऱ्या आम्ही बायका ओट्याशी उभ्या राहून, कच्चं तेल घालून, आधीच संपवतो.