पैसे भरले, पिक्चर उतरवला, तरी अर्धाच!

प्रश्न: नमस्कार दादा, मी यावल तालुक्यातला. रात्रीची लाईट असली की केळीच्या बागेत वॉल फिरवायला थांबावं लागतं, तिथे रेंज नाही, म्हणून घरच्या वायफायवर एका ॲपवरून पैसे भरून भाड्याने पिक्चर मोबाईलमध्ये उतरवला. सोमवारी रात्री अर्धा पाहिला आन झोप लागली. गुरुवारी लावला तर म्हणे मुदत संपली! भो, फाईल माझ्याच मोबाईलमध्ये आहे ना, मग संपली कशी? पेनड्राईव्हवर टाकून आजीला टीव्हीवर दाखवू म्हटलं तर फाईलच सापडेना. ह्यापेक्षा फुकटवाले काय वाईट?

उत्तर: भाऊ, फाईल तुमच्याकडेच आहे, पण कुलूपबंद. डाउनलोड करताना फाईलसोबत तिची एक चावी पण येते, ह्या सगळ्या भानगडीला डीआरएम म्हणतात, अँड्रॉइडवर ते काम बहुतेक गुगलचं वाइडवाइन करतं, आणि चावीवर वेळ घातलेली असते. भाड्याच्या पिक्चरचा साधारण नियम असा की ३० दिवसांत कधीही सुरू करा, पण एकदा प्ले दाबलं की ४८ तास. तुम्ही सोमवारी रात्री दाबलं, बुधवारी रात्री खेळ खलास. दोनच मिनिटं पाहिला असता तरी तेच.

महिन्याच्या प्लॅनमधलं डाउनलोड तर अजून लहरी, दर पिक्चरची मुदत वेगळी, आणि निर्मात्याशी ॲपचा करार संपला की उतरवलेलं पण उडतं. मी एकदा भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसलो, मोबाईलमध्ये तीन पिक्चर भरलेले, अमळनेर गेल्यावर ॲप म्हणतं आधी नेट जोडा! नंदुरबारपर्यंत खिडकीतून कापूस बघत गेलो.

पेनड्राईव्हचा नाद सोडा, फाईल ॲपच्या पोटात असते, शोधून कॉपी केली तरी दुसरीकडे लागत नाही. आणि स्वस्त मोबाईलमध्ये वाइडवाइनचा एल३ म्हणजे खालचा दर्जा असला तर स्क्रीन कितीही भारी असो, चित्र साधंच दिसतं. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन तर मुळातच ४८०पी चा, म्हणजे कमी स्पष्ट चित्राचा, टीव्हीवर चालतच नाही. काही ठिकाणी 'विकत घ्या' लिहिलेलं असतं ना, ते पण बघण्याची परवानगीच असते, म्हणून तर अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून दुकानदाराने हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचा कायदा केला.

फुकटवाल्यांचा रस्ता मी सांगणार नाही, पण पैसे भरणाऱ्यालाच जास्त ताप हे उलटं आहे हे मला पण पटतं.

पुढच्या पाळीला निघायच्या आधी घरी नेटवर ॲप उघडून डाउनलोडची मुदत बघून घ्या, प्लॅनमधला पिक्चर असेल तर विमान मोड टाकून मिनिटभर चालवून पण बघा, भाड्याच्याला मात्र हात लावू नका, घड्याळ तिथेच सुरू होईल. लागोपाठ दोन रात्री लाईट असेल तेव्हाच तो लावा. आजीसाठी स्मार्ट टीव्ही असेल तर त्यावरच तुमच्या खात्याने लॉगिन करा, नेट घरच्या वायफायचं द्या, पण ४८ तासांच्या आत. आणि आजीला अहिराणीच लागत असेल तर ह्या पैशाच्या ॲपवर काही फारसं सापडायचं नाही, युट्यूबवर अहिराणी कॉमेडी मोप आहे, बनवणाऱ्यांनी स्वतःच टाकलेली, ती लावून द्या.