रिकामा निघालेला इन्हेलर आणि पावतीवरची ओळ

आपण भांडुपहून लिहिता की, मध्यरात्री आईंना दम्याची धाप लागली तेव्हा आठ दिवसांपूर्वी घेतलेल्या इन्हेलरच्या उरलेले डोस दाखवणाऱ्या काउंटरवर १४२ हा आकडा असूनही त्यातून औषध आले नाही, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दुकानदार आता ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पावतीवरच्या ओळीकडे बोट दाखवतो.

त्या ओळीने आपला हक्क बुडत नाही. सदोष माल परत घेऊन पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मला खरी काळजी वाटते ती आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याची. इन्हेलरमधील औषधाच्या कुपीत काही शिल्लक आहे का, हे पाहण्यासाठी ती पाण्यात सोडून बघण्याचा आपला विचार आहे. कृपया तसे करू नका. कुपी तरंगते की बुडते यावरून खात्रीचा अंदाज येत नाही, झडपेत पाणी जाऊ शकते, आणि वस्तूचा गैरवापर झाला किंवा तीत फेरफार केला गेला, असा बचाव विक्रेत्याला याच कायद्याच्या कलम ८७ खाली मिळतो. समोरचे वकील ‘नळी धुतलीच नव्हती, म्हणून ती तुंबली’ असेही म्हणतील. म्हणून प्लॅस्टिकची नळीसुद्धा न पुसता, आहे तशी, खोका आणि पावतीसह पाकिटात घालून साक्षीदारासमोर बंद करा. हा एकच नग ग्राहक आयोगामार्फत (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळामार्फत) प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी राखून ठेवावा.

त्याच बॅच क्रमांकाचा दुसरा इन्हेलर मिळाल्यास तो पावतीसह विकत घ्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार कोणीही खरेदीदार शुल्क भरून आपण घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. तो नग निर्दोष निघाला तरी आपला दावा संपत नाही, कारण दोष फक्त आपल्या नगातही असू शकतो.

तक्रारीत उत्पादक कंपनीलाही विरुद्ध पक्षकार करा, कारण स्वतः उत्पादक नसलेला विक्रेता ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ८६ मधील ठरावीक परिस्थितीतच जबाबदार ठरतो. आपण राहता तेथील, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि एवढ्या किमतीच्या मालासाठी शुल्क नाही. रुग्णालयाच्या केसपेपरवर दाखल होण्याची वेळ आणि ‘इन्हेलर चालला नाही’ ही नोंद आहे का, ते आजच पाहा, आणि आईंसाठी वेगळ्या बॅचचा इन्हेलर त्याआधी घरी आणा.