जॅझ कट्टा: काळी दोन का पांढरी तीन?

या वेळेला पत्रं जरा जास्तच आलीत आणि त्यातली निम्मी "हे कोण वाजवतंय सांगा" या एकाच प्रकारची आहेत, त्यामुळे बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात उरकतोय, राग मानू नका.

प्रश्न: काका, आमचे बाबा रात्री शॉर्टवेव्हवर जॅझ ऐकायचे आणि टू-इन-वनवर कॅसेट भरायचे. माळा साफ करताना त्या कॅसेटी सापडल्या, एकीवरही नाव नाही, सगळ्यांवर बाबांच्या अक्षरात नुसतं 'रात्र' लिहिलंय. त्यातल्या एकीवर आधी ड्रम सुरू होतो मग पियानो एकच तुकडा घोळवत बसतो, मग सॅक्सोफोन येतो, गोड आणि कोरडा. ताल धरायला गेलो की चौथ्या मात्रेनंतर हात चुकतो. मधे ड्रमवाला एकटा वाजवतो तेव्हाही पियानो मागे तेच घोळवतोय. पेटीवर लावून बघितलं तर सा पांढरी तीनला येतो. घड्याळ लावलं तर पाच मिनिटं आणि वर पाच-सहा सेकंद. कोणाचं असेल?
— रात्रवाला, सातारा

उत्तर: अहो रात्रवाले, तुम्ही पेटी काढली आणि घड्याळही लावलंत, आता माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलंत? हात चुकतो कारण तिथे चार मात्रा नाहीत, पाच आहेत. झपताल आठवा, दोन-तीन दोन-तीन, त्याचा अर्धा तुकडा घ्या आणि उलटा करा, तीन-दोन, तीन-दोन. असं मोजून बघा, हात चुकायचा नाही. हे 'टेक फाइव्ह', डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट, १९५९, रचना मात्र ब्रुबेकची नाही, तुम्हाला जो गोड-कोरडा वाटला त्या सॅक्सोफोनवाल्याची म्हणजे पॉल डेसमंडची. ड्रमवर जो मोरेलो. (डेसमंड १९७७ ला गेला तेव्हा या गाण्याची रॉयल्टी रेड क्रॉसच्या नावे करून गेला.)

आता खरी गंमत. मूळ रेकॉर्ड इ फ्लॅट मायनरमध्ये आहे म्हणजे आपल्या भाषेत काळी दोन. तुमच्याकडे पांढरी तीन लागते, अर्धा सूर वर. मूळ लांबी ५ मिनिटं २४ सेकंद. अर्धा सूर चढला म्हणजे वेग साधारण सहा टक्के वाढला, मग २४ सेकंदांवरचं ते ६ सेकंदांवर येणारच, तुमच्या घड्याळाने तेच सांगितलं. माझा अंदाज असा की त्या रात्री बाबांच्या टू-इन-वनचे सेल उतरलेले असणार. सेल उतरले की मोटर मंद फिरते, टेप हळू सरकते, आणि हळू भरलेली टेप नंतर धड चालणाऱ्या मशीनवर लावली की भरभर आणि चढी वाजते. तेव्हा बाबांच्या मशीनला नावं ठेवू नका, कारण हाच घोटाळा न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओतही झालाय आणि तोही जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या जॅझ रेकॉर्डवर. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू', २ मार्च १९५९ चं रेकॉर्डिंग, टेप मशीन थोडं मंद चाललं आणि पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तेव्हापासून किंचित चढी वाजत राहिली. लोकांनी तीसेक वर्षं तशीच ऐकली, १९९२ च्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. जुन्या एलपीबरोबर ट्रंपेट घेऊन बसलेल्या पोरांना वाटायचं आपलंच वाद्य उतरलंय! वर सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावंही उलटसुलट छापलेली, म्हणजे 'ऑल ब्लूज' म्हणून लोक 'फ्लमेंको स्केचेस' ऐकत होते.

आणि कॅसेटी टाकू नका. एखादीच्या सुरुवातीला 'टेक द ए ट्रेन' वाजून मग अगदी सावकाश, शब्द सुटा करून बोलणारा जाड आवाज येतो का बघा. आला तर तो विलिस कॉनोव्हर, व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओचा. १९५५ पासून तो जगभरच्या लोकांना रात्री जॅझ ऐकवायचा, सावकाश एवढ्यासाठी की इंग्रजी कच्चं असलं तरी कळावं. त्याच्या स्वतःच्या देशात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं कारण ते प्रसारण अमेरिकेत करायला कायद्याने बंदी होती. म्हणजे तुमचे बाबा जे ऐकत होते ते तिथल्या माणसाच्या कानावर पडत नव्हतं.

प्रश्न: जुन्या बाजारात एक एलपी मिळाली, टोरांटोच्या मॅसी हॉलमधली १९५३ ची. पाच जणांत डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस, मॅक्स रोच ही नावं ओळखीची, पण सॅक्सोफोनला 'चार्ली चॅन' कोण? कुठे सापडत नाही.
— जुना बाजार, पुणे

उत्तर: सापडणार कसा, असा माणूसच नाही. तो चार्ली पार्कर. त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी, त्यामुळे या रेकॉर्डवर नाव लावायची सोय नव्हती, मग बायकोचं नाव चॅन आणि सिनेमात त्याच नावाचा एक डिटेक्टिव्ह होता म्हणून ते झालं चार्ली चॅन. दोन आवर्तनं ऐकली की लपत नाही तो, पण कागदावर लपला. त्या दिवशी, १५ मे १९५३, मार्सियानो आणि वॉलकॉट यांची हेवीवेट कुस्ती, म्हणजे बॉक्सिंग हो, शिकागोला होती, त्यामुळे हॉल भरलाच नाही आणि डिझी मधेमधे स्टेज सोडून स्कोअर विचारायला जात होता. पार्करच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता, ग्राफ्टन कंपनीचा. आणि बास नीट ऐकू येत नव्हता म्हणून मिंगसने नंतर स्टुडिओत बसून स्वतःचाच बास वरून पुन्हा वाजवून भरला. म्हणजे तुमच्या एलपीवर नाव खोटं आणि बासही थोडा नंतरचा, पण वाजवणं अस्सल. किती दिलेत हो? दोन-तीनशेच्या आत असेल तर मला सांगू नका.

अशी खोटी नावं भरपूर आहेत. सॅक्सोफोनवाला कॅननबॉल ॲडरली एका रेकॉर्डवर 'बकशॉट ला फंक' होऊन वाजवून गेलाय.

प्रश्न: दादा मला सगळं जॅझ एकसारखंच वाटतं, मित्र दोन सेकंदात ओळखतात आणि मी मान हलवत बसते. ओळखायला काही ट्रिक आहे का?
— मान हलवणारी, ठाणे

उत्तर: मित्रांचं फार मनावर घेऊ नकोस. लेनर्ड फेदर नावाचा समीक्षक होता, १९४६ पासून तो वादकांना नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवून ओळखायला लावायचा, ब्लाइंडफोल्ड टेस्ट. रॉय एल्ड्रिज म्हणजे केवढा ट्रंपेटवाला, त्याने छातीठोक सांगितलं की वाजवणारा गोरा आहे का काळा ते मी नुसतं ऐकून सांगतो. १९५१ ला बसवला आणि साफ आपटला. तेव्हा तुझे मित्र कोण लागून गेलेत.

ट्रिक म्हणशील तर माझी एकच, आधी माणूस शोधू नको, आधी मोज. चार मात्रांचा एक बार धर आणि बोटावर मोजत जा. बारा बारनंतर पुन्हा पहिल्यासारखं झालं की तो ब्लूज. बत्तीसला झालं आणि त्यात पहिली ओळ दोनदा, मग वेगळी ओळ, मग परत पहिली, असं असलं तर ते जुनं शो-ट्यून, म्हणजे नाटक-सिनेमातल्या गाण्यांचं, घराणं. ती वेगळी ओळ कानाला कळायला लागली ना की अर्धं काम झालं. आपल्याकडे धृपद आणि अंतरा ओळखतेसच की, तसंच. मग हळूहळू कळेल की दोन वेगळ्या नावांच्या गाण्यांचा सांगाडा एकच आहे, आणि हा योगायोग नसतो. पार्कर मंडळी जुन्या गाण्याचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट, तेच ठेवायची आणि वर नवी धून लावायची. कॉर्डच्या क्रमावर कोणाचा हक्क लागत नाही, धून मात्र कोणाची तरी असते, सबब जुन्या संगीतकाराला पैसे द्यायचे वाचतात आणि नव्या गाण्यावर आपलं नाव लागतं. 'ऑर्निथॉलॉजी' खालून 'हाउ हाय द मून' आहे. 'को-को' खालून 'चेरोकी'. नोव्हेंबर १९४५ च्या त्या रेकॉर्डिंगचा पहिला अर्धवट टेक, म्हणजे रेकॉर्ड करायचा प्रयत्न, मिळतो, त्यात ते सवयीने चक्क 'चेरोकी'ची धूनच वाजवायला लागतात आणि मधेच थांबतात. चोरी पकडल्यासारखं वाटतं ऐकताना, मला तो टेक पूर्ण रेकॉर्डपेक्षा जास्त आवडतो.

बंदिशीशी तुलना करायचा मोह होतो, एक राग आणि वेगवेगळ्या बंदिशी वगैरे, पण ती पूर्ण बसत नाही कारण रागावर चाळीस वर्षांपूर्वीच्या कोणाची रॉयल्टी नसते.

प्रश्न: 'लाइव्ह' लिहिलेली रेकॉर्ड खरंच लाइव्ह असते का? टाळ्या ऐकू येतात म्हणजे झालं ना?
— एक शंकेखोर, नागपूर

उत्तर: टाळ्यांवर तर मुळीच जाऊ नका. बँडवाला ड्यूक एलिंग्टन, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, ७ जुलै १९५६. त्याचा सॅक्सोफोनवाला पॉल गोन्साल्विस उठला आणि ब्लूजची सलग २७ आवर्तनं वाजवली, काळ्या ड्रेसमधली एक बाई उठून नाचायला लागली, मग सगळं मैदान. ड्यूकचं नाव तेव्हा मागे पडत चाललं होतं, या एका रात्रीनंतर तो 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर गेला. पण गोन्साल्विस वाजवत होता चुकीच्या माइकमध्ये! तो माइक व्हॉइस ऑफ अमेरिकाचा, कोलंबियाच्या माइकला तो लांबून येतोय. मग बँडला स्टुडिओत बसवून बरंचसं पुन्हा वाजवून घेतलं, वर टाळ्या चिकटवल्या आणि 'न्यूपोर्ट' म्हणून विकलं. लोकांनी चाळीस वर्षं त्या टाळ्यांना दाद दिली. पुढे रेडिओवाल्यांची टेप सापडली, दोन्ही टेपा जुळवून एका कानात ही आणि दुसऱ्या कानात ती असं करत १९९९ ला खरी मैफल आली. घ्यायची तर ती घ्या.

बघा, परत तेच रेडिओवाले. १९५७ च्या नोव्हेंबरात त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पियानोवाला थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन एकत्र वाजवताना भरून ठेवलं आणि ती टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिली, २००५ ला डिजिटल करताना एका माणसाच्या कानाला लागली. डब्यावर मोठं नाव नव्हतं. सातारच्या माळ्यावर 'रात्र' लिहिलेलं आणि वॉशिंग्टनच्या कपाटातलं हे, मला फार फरक वाटत नाही.

प्रश्न: सोलो संपल्यावर मधेच टाळ्या वाजवायच्या असतात का? गेल्या महिन्यात वाजवल्या तर शेजारच्यांनी बघितलं.
— लाजलेला, नाशिक

उत्तर: वाजवा की. समेवर 'वा' म्हणताना लाजता का? फक्त बासचा सोलो चालू असताना गप्पा मारू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली, सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स आला होता, तेव्हा आम्ही कॉलेजातली पोरं नको तिथे टाळ्या वाजवत होतो आणि कोणीही काही म्हणालं नाही.

प्रश्न: आमची आजी हळदोण्याची. ती सांगायची की जुन्या हिंदी सिनेमातला अमुक ट्रंपेट आपल्या गावच्या माणसाचा. रेकॉर्डवर तर फक्त संगीतकाराचं नाव. खरं कसं कळणार?
— नात, मडगाव

उत्तर: आजीचं बरोबर असायचीच शक्यता जास्त. हळदोण्याचा आंतोनियु शावियेर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला. ताजमध्ये आणि क्लबांत रात्री जॅझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमा, अशी गोव्याच्या कितीतरी जणांची दिनचर्या होती, कारण नोटेशन लिहिता-वाचता यायचं ते यांनाच, चर्चच्या शाळांमुळे. आपला सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर आणि चिक यांची जोडी ऐकायची तर भगवानदादांचा 'अलबेला' (१९५१) लावा, तिथे जो ब्रास, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचा मेळ, उसळतो तो कुठून आलाय हे सांगायला लागत नाही, चिक त्यात पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे अरेंजर, म्हणजे वाद्यांचा सगळा मेळ लिहिणारे, पण तबकडीवर यांची नावं शोधून सापडायची नाहीत. पार्करने निदान खोटं नाव तरी लावलं, यांना तेही नाही मिळालं.

म्हणून तुम्हाला एक काम देतो. आजीच्या वयाची माणसं गावात आहेत तोवर त्यांना गाणी ऐकवा, कोण कशात वाजवत होतं विचारा आणि मोबाइलवर बोलणं भरून ठेवा. फाइलला नाव मात्र नीट द्या, 'रात्र' नको.

या महिन्याचं कोडं: एकटा पियानो, बाकी कोणी नाही. मैफल जर्मनीतली. पहिले चार-पाच सूर वाजले की प्रेक्षकांत हलकं हसू फुटतं, ते रेकॉर्डवर नीट कान दिला तर ऐकू येतं, कारण ते सूर म्हणजे त्याच थिएटरातली, मध्यंतर संपलं आत या म्हणणारी घंटा. वादक मधेमधे कण्हतो, पाय आपटतो. आणि पियानो होता चुकीचा, छोटा, वरचे सूर पत्र्यासारखे, म्हणून तो बराचसा वेळ मधल्या पट्ट्यांतच खेळतो. कोण, कुठलं शहर, साल कोणतं? पेटी, घड्याळ काय वापरायचं ते वापरा. सातारकरांना भाग घ्यायला बंदी नाही पण त्यांनी उत्तर जरा उशिरा पाठवावं.