खानावळीची पहिली वेबसाइट करताना

तारकर्लीतल्या मामाच्या खानावळीची वेबसाइट करायला घेतलीस, झकास! पहिल्या खेपेला एकच पान पुरे. ते उघडणारा माणूस बहुधा गाडीत, भुकेला, आणि मोबाइलला रेंज येऊन-जाऊन. आज चालू आहे का, किती वाजेपर्यंत, कुठे आणि काय मिळतं, एवढंच त्याला हवं असतं.

मेनूकार्डाचा फोटो टाकू नकोस. नवशिके हमखास हेच करतात. बोटांनी ताणून वाचावं लागतं आणि दर बदलला की पुन्हा फोटो. साधा मजकूर लिही: सुरमई थाळी, कोंबडी-वडे, सोलकढी. शाकाहारी थाळी असेल तर ठळक लिही, एकाच गाडीत दोन्ही पंथाचे लोक असतात. माशांचा दर रोज हलतो, तिथे 'बाजारभावाप्रमाणे' बरं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तेव्हाही ताजं पापलेट झळकत राहिलं तर गिऱ्हाईक मामाशीच भांडणार.

बाकी थोडक्यात:
- नंबरावर बोट ठेवताच फोन लागला पाहिजे.
- फोटो मोजके, आकार कमी करूनच चढव.
- डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मामाच्या नावावर आणि ईमेलवर घे, तुझ्या नको.

गूगल मॅपवरची नोंद मात्र वेबसाइटच्याही आधी कर. वेळा दोन्हीकडे सारख्या ठेव. ऑनलाइन बुकिंग, पेमेंट यांच्या नादी आत्ता लागू नकोस. पान तयार झालं की मामीला तिच्याच फोनवर उघडायला दे. ती अडेल तिथे दुरुस्ती कर.